रबरबँडची गाठ

"जेवलात का?"

काका भेटले की पहिला प्रश्न हाच. सकाळचे आठ असोत की दुपारचे चार, समोर मराठी माणूस असो की पत्रं टाकायला आलेली पोस्टाची बाई, काकांची सुरुवात ठरलेली. मराठी नसेल तर इंग्रजीत, "हॅव यू ईटन?" त्यांच्या तोंडून 'हाउ आर यू' मी कधी ऐकलं नाही. एकदा त्यावरून छेडलं तर म्हणाले, "हाउ आर यू म्हणणारा उत्तराला थांबतो का? जेवलात का विचारलं की दोघांनाही थांबावं लागतं. त्यानं आठवायला, मी ऐकायला."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नसेल, तर तुम्ही टेक्सासच्या उपनगरात राहत असाल.

आमच्या प्लेनोत पायी चालणारा माणूस दिसला की लोक गाडी हळू करतात. एक तर त्याच्याबरोबर कुत्रा असतो, नाही तर त्याची गाडी बंद पडलेली असते. काकांकडे कुत्रा नव्हता आणि गाडी त्यांना चालवायचीच नव्हती. डोक्यावर रुंद काठाची वेताची टोपी, चौकटीचा शर्ट बाहेर सोडलेला, पायांत रबरी चपला आणि बोटाला अडकवलेली एक पारदर्शक पिशवी. पिशवीत आमटी, आणि तीही गरम.

ती पिशवी बांधणं हा पाहण्यासारखा प्रकार होता. पळीनं आमटी पिशवीत ओतायची, तोंड धरून एक गिरकी द्यायची, वर थोडी हवा अडकून पिशवी टम्म झाली की दोन बोटांवर ताणलेलं रबरबँड असं काही फिरायचं की डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ तयार. उलटी धरली तरी थेंब गळायचा नाही. आणि सोडताना रबराचं एक टोक ओढलं की झालं. मी कितीदा प्रयत्न केला, पण एक तर रबर तुटायचं, नाही तर आमटी ओट्यावर. "घाई करतेस," काका म्हणायचे. "आधी हवा अडकू दे. मग रबर."

ही विद्या थायलंडची. काका म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, मेधाचे वडील. मेधाचं घर आमच्या मागच्या गल्लीच्या पलीकडे. तिचा नवरा कामानिमित्त आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या गावी आणि मुलगा ऑस्टिनला कॉलेजात. काका मूळचे सोलापूरचे, सूत रंगवण्याच्या कामातले इंजिनिअर. तरुणपणी बँकॉकबाहेरच्या एका गिरणीत तीन वर्षांच्या बोलीवर गेले आणि पस्तीस-चाळीस वर्षं तिथंच रमले. मेधा शाळा संपवून पुण्याला हॉस्टेलवर आणि तिथून अमेरिकेला. काही वर्षांपूर्वी काकू थायलंडमध्येच वारल्या. आता काका सोलापूरला परततील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ते परतले नाहीत. मग काय, लोकांना विषयच मिळाला. तिकडं कुणीतरी आहे, अशी कुजबुज सुरू झाली. काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते मनापासून हसले. "आहे ना. एक कुणीतरी कशाला, अख्खा बाजार आहे."

तो बाजार त्यांनी आम्हाला इतक्यांदा दाखवला होता की मी डोळे मिटून त्यातून चालू शकेन. पहाटे सोयाबीनचं गरम दूध विकणारी बाई. बर्फाचा चहा पिशवीत ओतून त्यात स्ट्रॉ खोचून देणारा तिचा नवरा. गाडीच्या हँडलला त्या चहाच्या पिशव्या अडकवून कामाला निघालेल्या पोरी. आणि बरोबर आठ वाजता लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत लागलं की सगळा बाजार जिथल्या तिथं स्तब्ध. मासे तोलणारा तराजू धरून उभा, भजी तळणारी झारा वर धरून उभी. गाणं संपलं की भजी पुन्हा तेलात. "पहिल्या दिवशी मला वाटलं, सगळ्यांना एकदम काहीतरी झालं," काका सांगायचे. "नंतर मीही उभा राहायला लागलो. दिवसातून एकदा सगळ्या गावाबरोबर उभं राहायला मिळतं, हे काय कमी आहे?"

ह्या बाजारातला प्रत्येक जण एकमेकांना विचारायचा, "किन खाव रू यांग?" म्हणजे, भात खाल्लास का? नमस्कारच तो. काकांना सगळे 'लुंग' म्हणायचे. लुंग म्हणजे काका. "सोलापूर सोडलं तेव्हा वाटलं होतं, हा प्रश्न आता सुटला," ते म्हणायचे, "आणि विमानतळावर मला न्यायला आलेल्या ड्रायव्हरनं पहिलं तेच विचारलं."

मग एका सकाळी काका तिथल्या घरी न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याला मार बसला, उठता येईना. सोयाच्या दुधाला लुंग आले नाहीत हे त्या बाईच्या लक्षात आलं. ती गाडा नवऱ्यावर सोपवून घरी गेली, हाका मारल्या, शेजाऱ्याला घेऊन दार उघडलं. उन्हं वर यायच्या आत काका हॉस्पिटलात होते.

ही हकिगत मेधाही सांगते आणि काकाही सांगायचे. मेधाच्या मते तिचा अर्थ असा, की ह्या वयात बाबांनी परदेशात एकटं राहता कामा नये. काकांच्या मते तिचा अर्थ असा, की ह्या वयात राहावं तर तिथंच.

"इथं मी सकाळी पडलो तर तू संध्याकाळी घरी आल्यावर कळणार," ते मेधाला म्हणाले. "तोवर दारावरच्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग तेवढं छान होईल."

"बाबा, काहीही बोलू नका. मला रात्र-रात्र झोप लागत नव्हती तुमच्या काळजीनं. तुम्हाला कल्पना आहे का?"

तेव्हा मी तिथं चहा पीत बसले होते. खुबा बरा होऊन काका नुकतेच प्लेनोत आले होते, मे महिना होता. काकांनी कप बाजूला सारून पैज मांडली. वर्षभर ते इथं राहणार. ह्या वर्षात गावातल्या एका तरी माणसानं आपणहून, कुणी न शिकवता, त्यांना विचारायचं, जेवलात का? विचारलं, की काका इथं कायमचे. नाही विचारलं, तर मेधानं तिकीट काढून द्यायचं आणि रडायचं नाही.

"मराठी मंडळात सगळेच विचारतात," मेधा लगेच म्हणाली.

"तो पंगतीचा प्रश्न. पुढची लाइन सरकावी म्हणून विचारतात. तो धरायचा नाही."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू अंपायर. अंपायरनं बॅटिंग करायची नाही."

मेधानं हात पुढं केला, काकांनी टाळी दिली. एवढ्या मोठ्या गावात वर्षभरात एक माणूस मिळणार नाही, असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. मलाही नाही.

काकांनी स्वतः मात्र हरण्यासाठी जिवाचं रान केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. हात बांधून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बी पेरल्याशिवाय उगवलं नाही म्हणून ओरडण्यात काय सनुक आहे?" सनुक हा त्यांचा दुसरा आवडता शब्द. थाई भाषेत सनुक म्हणजे मजा. तिथं म्हणे कामसुद्धा सनुक असेल तरच धड होतं. भांडी घासण्यापासून इन्शुरन्सच्या फोनपर्यंत काका प्रत्येक गोष्टीत सनुक शोधायचे आणि नाही सापडलं तर ती गोष्ट मेधावर सोडायचे.

पेरणीची पहिली खेप वाया गेली. आमच्या भागात गॅरेज घराच्या मागे, गल्लीत असतं. माणसं मागूनच गाडीनं आत जातात आणि मागूनच बाहेर पडतात. पुढचं दार नुसतं दाखवायचं. काकांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी पहिल्याच आठवड्यात रांगेनं सात-आठ घरांच्या पुढच्या दारांना आमटीच्या पिशव्या अडकवल्या. दोन-तीन दिवस कुणी ती दारं उघडलीच नाहीत. इकडं ऊन असं, की लॉन करपावं. आमटी आंबली, पिशव्या फुगल्या, आणि एक चक्क फुटली. त्या घरातल्या बाईनं कॅमेरा तपासला, तर वेताची टोपी घातलेला इसम दाराला काहीतरी बांधून घाईनं जातोय. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला, खाली लिहिलेलं, 'ह्या पिवळ्या द्रवाला हात लावू नका.'

मेधा घरोघर माफी मागत फिरली. काका अजिबात ओशाळले नाहीत. "दार उघडायचंच नाही, तर त्याला एवढा रंग कशाला दिलाय?" त्यानंतर पिशव्या मागच्या फाटकांच्या कड्यांना लागायला लागल्या, आणि त्या मात्र हातोहात जाऊ लागल्या. घरून काम करायच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला टोपी सरकताना दिसायची. टोपी थांबली की ओळखावं, पिशवी लागली.

समोरच्या रांगेत डॉना राहते. उंच, सडसडीत, सत्तरी ओलांडलेली, स्वतःचं लॉन स्वतः कापणारी बाई. काकांनी तिला पहिल्यांदा विचारलं, "हॅव यू ईटन?" ती म्हणाली, "नो," आणि मशीन बंद करून तशीच उभी राहिली. तिला वाटलं हे जेवायचं आमंत्रण. काकांना वाटलं, नमस्काराला नमस्कार झाला, आता ही पुढं काहीतरी बोलेल. दोघं एकमेकांकडे बघत उभी. शेवटी काकांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते तिला घेऊन घरी आले. मेधानं आठवड्याचे डबे करून, वार लिहून फ्रीजमध्ये रचून ठेवलेले असायचे. त्या दिवशी डॉनानं काकांचा मंगळवार खाल्ला. पिठलं-भात होता. ती म्हणाली, पोलेन्टासारखं, म्हणजे इटालियन लोकांच्या मक्याच्या उकडीसारखं लागतं, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मेधाचं हे डब्यांचं काम खरोखर बघण्यासारखं होतं. रविवारची अर्धी रात्र ती उभी असायची. कमी मिठाचं, कमी तेलाचं, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. ऑफिसमधून दुपारी फोन, "बाबा, गोळी घेतलीत? पाणी प्यायलात? मागचं दार लॉक केलंत? आज किती पावलं चाललात?" आणि संध्याकाळी आल्या आल्या फ्रीज उघडून बघायची. डबा रिकामा असला की तिचा चेहरा सैल व्हायचा. काका सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणायचे. त्यातले निम्मे हो खोटे असायचे, हे मला ठाऊक होतं.

खोटेपणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. काका पत्त्यांत राजरोस फसवायचे. शुक्रवारी रात्री आमची रमी असायची. ती दोघं, मी आणि माझा नवरा. जोकर काकांच्या मांडीखाली हमखास. एकदा मी तो जाताना पाहिला. काकांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, एक डोळा बारीक केला, आणि मी मुकाट्यानं पान उचललं. मेधाच्या कधीच लक्षात आलं नाही. "बाबा काय लकी आहेत यार," म्हणायची बिचारी.

वर्षाच्या मध्यावर मेधाला धाकधूक सुरू झाली. एका दुपारी पोस्टाची बाई पत्रं देताना काकांसमोर थबकली आणि जड जिभेनं म्हणाली, "जेव-लात का?"

काकांनी टोपी काढली. "कुणी शिकवलं?"

"युअर डॉटर, सर," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"शिकवलेला पोपट बाद," काकांनी मला फोन करून निकाल मागितला. मी बाद दिला. पोस्टाच्या बाईला मात्र आमटी मिळाली, आणि पुढं दर आठवड्याला मिळत राहिली.

पुढची केस डॉनाची. थंडीत एके दिवशी तिनं फाटकातून डोकावून विचारलं, "यू हंग्री?" हातात कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव. मेधा नाचायचीच बाकी होती. मी विचारात पडले. काका शांतपणे म्हणाले, "तिच्याकडं ब्रेड जास्त झाला होता. भूक आहे का म्हणजे घेशील का. माझं पोट तिच्या ब्रेडच्या कामी आलं, एवढंच. छान होता पण." मी पुन्हा बाद दिला. मेधा दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. ऑफिसला आम्ही दोघी एकाच गाडीनं जातो; शेजारी बसून न बोलणं किती कठीण असतं, ते मला तेव्हा कळलं.

काकांवर सगळेच खूश होते असं समजू नका. मराठी मंडळाच्या गणपतीत, भर पंगतीत त्यांनी जाहीर केलं की थायलंडचा पिवळा आंबा हापूसच्या तोंडात मारेल, आणि तो नारळाच्या दुधातल्या चिकट भाताबरोबर खावा. क्षणभर मठ्ठ्याचे पेले हवेतच राहिले. आमच्याच गल्लीत राहणारे, मूळ देवगडचे एक डॉक्टर लालबुंद झाले. "आंबा? भाताबरोबर?"

"आमरस पोळीबरोबर चालतो, मग भातानं काय घोडं मारलंय?" काका म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोन आठवड्यांनी काकांनी त्यांच्या मागच्या फाटकाला पिशवी अडकवली. त्यात चिकट भात, नारळाचं दूध आणि मेक्सिकन आंब्याच्या फोडी. डॉक्टर अजूनही म्हणतात की आपण ती फेकून दिली. त्यांची बायको वेगळं सांगते.

एप्रिल आला. थायलंडमध्ये एप्रिलच्या मध्यावर नवं वर्ष असतं आणि सगळं गाव एकमेकांना पाण्यानं भिजवतं. काका सकाळपासून गल्लीत पितळी तांब्या घेऊन उभे. येईल त्याच्या तळहातावर हळूच पाणी घालायचे आणि शुभेच्छा द्यायचे. डॉनाच्या हातावर घातलं. तिनं विचारलं, हे काय? काकांनी समजावलं. ती गंभीरपणे मान हलवून आत गेली आणि लॉनचा पाइप घेऊन बाहेर आली. पुढची पंधरा मिनिटं मी खिडकीतून पाहिली आणि मग राहवेना म्हणून स्वतःच बाहेर गेले. ओली टोपी, ओली डॉना, पलीकडच्या घरातली मुलं किंचाळत पळतायत, डॉक्टर गाडीची काच वर करून बसलेत. मला ह्या देशात येऊन वीस वर्षं झाली. माझ्या रस्त्यावर मी मोठ्यानं हसलेली ती पहिलीच वेळ. परदेशात सुख शोधायला कुठं जावं लागत नाही, मागचं फाटक उघडावं लागतं, हे मला काकांनी शिकवलं. मी त्यांची त्याबद्दल कायमची ऋणी आहे.

तेवढ्यात मेधाची गाडी आली. काकांनी तिच्या दोन्ही तळहातांवर पाणी घातलं. ती म्हणाली, "बाबा, सर्दी होईल. आत या. कपडे बदला." काका निमूट आत गेले.

वर्ष संपत आलं आणि कुणी विचारलं नाही ते नाहीच. लोकांनी काकांना खूप काही दिलं. डॉनानं कॉर्नब्रेड दिला, डॉक्टरीणबाईंनी गुपचूप लोणचं दिलं, पोस्टाच्या बाईनं नाताळला मोजे दिले. काका दिसले की गाड्यांच्या काचा खाली यायच्या. पण तो प्रश्न कुणाच्या तोंडी आला नाही. इथं माणसं माणसाला काय काय विचारतात, पण पोटाला हात घालत नाहीत. ती खासगी बाब.

ठरल्याप्रमाणे मेधानं तिकीट काढलं. वर्ष ज्या दिवशी पुरं होत होतं, त्याच दिवसाचं, म्हणजे डाव शेवटच्या पानापर्यंत खेळल्यासारखा होईल. आणि ठरल्याप्रमाणे ती रडली नाही. निदान आमच्यासमोर नाही.

विमानतळावर सोडायला मी गाडी चालवत होते. आदल्या दोन दिवसांत मेधानं बॅग तीनदा भरली होती आणि फ्रीज पुसून लख्ख केला होता. आता डबे कुणासाठी करायचे? काका मागच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसलेले, बोटाला नेहमीसारखी पिशवी. मेधा वाटभर मान वळवून विचारत होती.

"पासपोर्ट?"

"आहे."

"गोळ्या हातातल्या बॅगेत ना?"

"आहेत."

"चार्जर? उतरल्यावर न्यायला कोण येणार त्याचा नंबर?"

"सोयादूधवालीचा नवरा येतोय. त्याला नंबर कशाला, मला लांबून ओळखतो."

टर्मिनलसमोर गाडी थांबली. सामान उतरवलं. मेधानं त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली, मग पुन्हा एकदा केली. तिचे प्रश्न संपले होते. ती म्हणाली, "बाबा, सकाळी फ्रीजमध्ये काहीच नव्हतं. मी सगळंच काढून टाकलं होतं. तुम्ही... जेवलात का?"

माझा हात गाडीच्या दारावरच राहिला.

वर्षभर आम्ही सारा गाव धुंडाळत होतो. पोस्टाच्या बाईला शिकवलं, डॉनाच्या ब्रेडवर वाद घातला. घरचं माणूस धरायचं की नाही, हे पैजेत कुणी बोललंच नव्हतं, कारण घरचं माणूस विचारत नसेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ती डबे मोजत होती आणि ते रिकामे करत होते. आणि वर्ष संपायला अजून अख्खी संध्याकाळ बाकी होती.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अंपायर मी होते. मेधाला आपण काय बोललो ह्याचा पत्ताही नव्हता. काकांचे डोळे भरले होते, पण त्यांनी हळूच उजवं बोट ओठांवर ठेवलं आणि एक डोळा बारीक केला. जोकर मांडीखाली गेला होता. मी गप्प राहिले.

"नाही गं, जेवलो नाही," ते मेधाला म्हणाले. "तूही नाहीस. चल."

पिशवीत मुगाची खिचडी होती. आत नेऊ देणार नाहीत, म्हणून जाता जाता आमच्या हाती देण्यासाठी बांधलेली. रबराचं टोक ओढलं, गाठ सुटली. आम्ही तिघं गाडीच्या मागच्या डिकीवर बसून एकाच पिशवीतून हातानं खिचडी खाल्ली. एक पोलीस आला. इथं गाडी उभी करता येणार नाही म्हणाला.

"हॅव यू ईटन?" काकांनी विचारलं.

तो गोंधळला. "नॉट येट, सर." मग आम्हा तिघांकडे आणि पिशवीकडे बघत राहिला. "टू मिनिट्स," म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

काकांनी मेधाच्या डोक्यावर हात ठेवला, स्वच्छ असलेला डावा. टोपी घातली आणि गेले. काचेच्या दारातून ती टोपी गर्दीच्या वरून बराच वेळ दिसत होती.

परतताना आम्ही हायवेवर आलो. मेधा एकदम म्हणाली, "थांब. मी विचारलं ना गं त्यांना?"

"विचारलंस."

"आपणहून विचारलं. कुणी शिकवलं नव्हतं मला."

"नव्हतं."

"म्हणजे मी जिंकले! तू का बोलली नाहीस?" आणि वर्षभराचं तुंबलेलं रडू तिला तिथं आलं. रडता रडताच तिनं फोन लावला. काका अजून विमानात चढायचे होते. "बाबा, चीटिंग! तुम्ही हरलात!"

"हरलो, बाळा," स्पीकरवर आवाज आला. तो आवाज हरलेल्या माणसाचा नव्हता. "कबूल आहे. तू विचारलंस, म्हणून तर निवांत जातोय. आंबे संपले की येतो."

मेधानं डोळे पुसले आणि कॅलेंडर बघायला लागली. मे, जून, फार तर जुलै.

थायलंडमध्ये कुठला ना कुठला आंबा बाराही महिने मिळतो, ही गोष्ट त्या बाजाराच्या एवढ्या वर्णनात काकांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती.

आता सकाळी ऑफिसला जाताना पहिल्या सिग्नलला मेधा फोन लावते. आपली सकाळ ती त्यांची रात्र. "बाबा, जेवलात का?" मग ते काय काय जेवले ते साग्रसंगीत ऐकावं लागतं. कधी मागून कुणीतरी थाई बाई ओरडते, आणि काका सांगतात, ती विचारतेय, तुम्ही दोघी जेवलात का? सकाळच्या आठला आम्ही दोघी हो म्हणतो. बाकीचे प्रश्न, गोळीचे, पाण्याचे, पावलांचे, मेधा हल्ली विसरते. डॉना फाटकाशी दिसली की टोपीवाल्याची चौकशी करते. मला अजून तरी तिनं जेवलात का विचारलेलं नाही. मी वाट बघतेय.

परवा रविवारी मागचं फाटक उघडायला गेले, तर कडीला पिशवी. आमटी, अजून गरम. गल्लीपलीकडं मेधाचं फाटक नुकतंच बंद होत होतं. पिशवीत हवा अजिबात नव्हती, आणि रबर इतक्या वेळा, इतकं घट्ट गुंडाळलेलं, की शेवटी मला कात्री घ्यावी लागली.